रणभूमीविना रणसंग्राम: मराठ्यांच्या लढायांचे दूरचित्रवाणीवरील रूप

दूरचित्रवाणीवर मराठ्यांच्या लढाया दिसू लागल्या त्याला साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला असून त्यांतील कितीतरी लढायांचे धागे आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांपर्यंत येऊन पोहोचतात. जावळीचे खोरे आणि प्रतापगड, वाई, अजिंक्यतारा, सज्जनगड, मिरजेचा किल्ला, हंबीरराव मोहित्यांचे तळबीड, शिंद्यांचे कण्हेरखेड, पटवर्धनांचे तासगाव ही नावे बाजूला काढली, तर मराठ्यांच्या युद्धेतिहासाचा फार मोठा भाग गळून पडेल. या मुलखातले युद्ध घाट, रान, पाऊस, रसद आणि वेढ्याचे लांबत जाणारे दिवस यांनी घडवले होते. पडद्यावर मात्र ते प्रामुख्याने तलवारीचे, आवेशाचे आणि दोन माणसांमधील वैराचे होऊन आले.

दूरदर्शनच्या काळात याला साधनांची मर्यादा कारणीभूत होती. 1988 मध्ये सुरू झालेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या 53 भागांच्या मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली; तिथे भर संवादावर आणि विचारावर होता, आणि युद्धाचा देखावा उभा करणे हा त्या मालिकेचा हेतूच नव्हता. 1994 मध्ये आलेल्या संजय खान यांच्या ‘द ग्रेट मराठा’ने महादजी शिंद्यांना नायक करून पानिपत घरोघरी पोहोचवले. हे शिंदे घराणे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. 14 जानेवारी 1761 च्या त्या एका दिवसाआधी दोन महिन्यांहून अधिक काळ मराठी छावणीची रसद तुटलेली होती आणि माणसे व जनावरे उपासमारीने खंगत होती, म्हणजे लढाईचा बराचसा निकाल धान्याच्या वाटांवर आधीच ठरत आला होता; पण उपाशी घोडा दाखवण्यापेक्षा उधळलेला घोडा दाखवणे कॅमेऱ्याला नेहमीच सोपे गेले. या मालिकांच्याही आधी, 1985 पासून बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ या महानाट्याने हत्ती-घोड्यांसह भव्य देखाव्याची गोडी मराठी प्रेक्षकाला लावली होती आणि पुढील मालिकांनी त्या भव्यतेचाच आदर्श समोर ठेवलेला दिसतो.

प्रतापगडाचा प्रसंग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे, कारण दुसरा कोणताही प्रसंग इतक्या वेळा चित्रित झालेला नसावा. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची 10 नोव्हेंबर 1659 ची भेट, शामियाना, मिठी, वाघनखे हा क्रम प्रेक्षकाला तोंडपाठ आहे. परंतु लष्करीदृष्ट्या ती भेट हा त्या मोहिमेचा एक भाग होता. वाईची सुभेदारी पूर्वी सांभाळलेला, म्हणजे या भागाची माहिती असलेला अफझलखान आपले घोडदळ, हत्ती आणि अवजड सामान घेऊन जावळीच्या दाट रानात उतरला, तेव्हाच मोकळ्या मैदानावरचे त्याचे बळ निम्मे झाले होते. गडावरच्या तोफेची इशारत होताच रानात दबा धरून बसलेल्या तुकड्या पार गावाच्या बाजूच्या छावणीवर तुटून पडल्या आणि बाहेर पडायच्या वाटा अडवल्या गेल्या. कोणती तुकडी कुठे होती, तोफेचा आवाज कुठवर जात होता, खानाच्या सैन्याला माघारीसाठी कोणती वाट उरली होती, या प्रश्नांमध्ये महाराजांची युद्धबुद्धी खऱ्या अर्थाने दिसते. मालिकांनी भेटीवर भागामागून भाग खर्च केले आणि रानातली लढाई उरकून टाकली, ही गोष्ट खेदाची आहे, कारण त्यामुळे महाराजांच्या धाडसाला मान मिळाला तरी त्यांच्या योजनेला तो पुरेसा मिळाला नाही.

योजना दाखवता येते, याचे दाखले इतरत्र आहेत. प्रशियात 1824 मध्ये रायसविट्झ या अधिकाऱ्याने ‘क्रीग्सश्पील’ नावाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. या खेळात भूभागाच्या तपशीलवार नकाशावर ठोकळ्यांच्या रूपाने सैन्ये हलवली जातात, पंच निर्णय देतो आणि युद्धातील अनिश्चिततेसाठी फासे टाकले जातात. सांगलीने ज्या बुद्धिबळाची परंपरा निष्ठेने जपली तोही मुळात चतुरंग सैन्याचाच खेळ, पण त्याच्या पटावरची चौसष्ट घरे सारखीच सपाट असतात. क्रीग्सश्पीलने डोंगर, नदी आणि अंतर यांना पटावर आणले. ब्रिटिश दूरचित्रवाणीने 1978 मध्ये एडवर्ड वुडवर्ड यांच्या निवेदनात ‘बॅटलग्राउंड’ ही मालिका केली आणि टेबलावरच्या छोट्या सैनिकमूर्तींनी जुन्या लढाया खेळून दाखवल्या. 2003 मध्ये बीबीसीच्या ‘टाइम कमांडर्स’ने संगणकीय खेळाच्या आधारे सामान्य स्पर्धकांना सेनापती केले आणि त्यांचे निर्णय कुठे चुकले हे जाणकारांकडून समजावून घेतले. मराठी वाहिन्यांवर असा प्रयोग रुजला नाही.

खासगी वाहिन्यांच्या काळात साधने वाढली. 2008 मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेली ‘राजा शिवछत्रपती’ आणि 2017 ते 2020 या काळात झी मराठीवर चाललेली ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या दोन्ही मालिकांत अमोल कोल्हे यांनी मध्यवर्ती भूमिका केली आणि घरातल्या तीन पिढ्यांना एकत्र बसवून इतिहासाबद्दल आस्था निर्माण केली, हे त्यांचे मोठेच श्रेय आहे. मात्र रोजच्या मालिकेचे गणित कठोर असते: साधारण बावीस मिनिटांचा भाग रोज द्यावा लागतो, फौज म्हणून मोजकेच ज्युनिअर आर्टिस्ट मिळतात, आणि त्यामुळे कॅमेरा चेहऱ्यांजवळ जातो, एकच वार संथ गतीने पुन्हा पुन्हा दाखवला जातो. प्रत्यक्ष युद्ध मात्र वेगळे होते. डिसेंबर 1687 मध्ये वाईजवळ मोगल सरदार सर्जाखानाशी झालेल्या लढाईत सरसेनापती हंबीरराव मोहिते तोफेचा गोळा लागून पडले. दुरून येणारा, मारणाऱ्याचा चेहरा नसलेला हा मृत्यू द्वंद्वाच्या चौकटीत बसत नाही आणि म्हणूनच त्या काळच्या युद्धाविषयी तो फार काही सांगून जातो.

रोजच्या मालिकेजवळ एक गोष्ट मुबलक असते, ती म्हणजे काळ. आणि वेढा हा तर सर्वस्वी काळाचाच खेळ. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ने नाशिकजवळच्या रामशेजच्या दीर्घ वेढ्याला जागा दिली, तेव्हा ही शक्यता दिसली होती. साताऱ्याचा वेढा याहून कमी नाट्यमय नाही. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्यासमोर उतरला, किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी महिनोन्‌महिने किल्ला झुंजवला, मार्च 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले आणि एप्रिलमध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. सुरुंग म्हणजे भिंतीच्या पायथ्यापर्यंत भुयार खणून त्यात ठासलेली दारू. त्यांतील एकाच्या स्फोटाने तट बाहेरच्या बाजूस कोसळला आणि हल्ल्यासाठी सज्ज उभे असलेले मोगल सैनिकच मोठ्या संख्येने त्याखाली गाडले गेले. अखेरीस त्याच महिन्यात किल्ला तहाने गेला, त्याचे नाव आझमतारा झाले आणि बादशहाची छावणी लगेच परळीच्या सज्जनगडाकडे वळली. एका मोडक्या साम्राज्याचा सम्राट आयुष्याची अखेरची वर्षे एकेका डोंगराभोवती कशी घालवत गेला, हे सांगायला शंभर भागही अपुरे पडावेत. परंतु मालिकांचा हा मुबलक काळ बहुधा वाड्यातील कारस्थानांकडे गेला.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दिवाळीला मुले अंगणात किल्ले करतात, त्यात आधी दगड-विटा, पोती आणि चिखल यांचा डोंगर उभा राहतो, मग वाट, बुरूज, तळे, पेरलेल्या हळिवाचे रान, आणि सगळ्यात शेवटी मावळे येतात. भूमी आधी आणि माणूस नंतर हा या खेळाचा क्रम लष्करी अभ्यासाच्या क्रमाशी जुळतो आणि मालिकांच्या क्रमाच्या नेमका उलट आहे.

डोंगरी किल्ल्यांचे निदान नाव तरी पडद्यावर येते. सांगलीकडच्या सपाट मुलखाच्या वाट्याला तेही क्वचित आले. प्रतापगडानंतर काही आठवड्यांतच शिवाजी महाराजांच्या फौजांनी मिरजेच्या भुईकोटाला, म्हणजे सपाटीवरच्या कोटाला, वेढा घातला आणि विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याची स्वारी आल्यामुळे तो मार्च 1660 च्या सुमारास सोडावा लागला. विजयाच्या दोन प्रसंगांमधला हा अपुरा राहिलेला वेढा कथानकात सहज वगळला जातो. तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांनी 1790-91 मध्ये टिपू सुलतानाच्या ताब्यातील धारवाडला घातलेल्या वेढ्याचे वर्णन एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने 1794 च्या ग्रंथात केले आहे. मराठी गोलंदाज तोफ भरून गप्पा मारत, धूम्रपान करत बसतात, बऱ्याच वेळाने ती डागतात आणि भर दुपारी मारा थांबवतात, अशी त्याची तक्रार आहे. तीत परक्याचा तोरा आहे हे खरे, पण रणरणत्या उन्हात तोफेशेजारी बसून राहिलेली ही माणसे, त्यांचा दारूगोळ्याचा तुटवडा आणि तरीही एप्रिल 1791 मध्ये त्यांच्या हाती आलेले धारवाड, हा ऐवज एखाद्या पटकथाकाराची वाट पाहत आहे.