तलावाची हद्द कुठे संपते?

तलावाकाठी वसाहत बांधायची असली की नियोजन अधिकाऱ्यांपुढे नकाशा येतो. त्यात पाण्याची कड निळ्या रेघेने दाखवलेली असते. बांधकाम त्या रेघेपासून किती मीटर दूर आहे हे मोजले की तपासणी झाली, असे अनेकांना वाटते. पण तलाव काठाशी संपतो का?

पावसाचा जो थेंब उतारावरून वाहत तलावात येतो, तो जिथे पडला तिथपर्यंत तलावाची हद्द असते. भोवतालच्या डोंगरमाथ्यांना जोडणारी रेषा ही खरी हद्द आणि तिच्या आतली जमीन म्हणजे तलावाचे पाणलोट क्षेत्र.

आता थोडा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० लाख लिटर पाणी होते. झाडी आणि गवत असेल तर त्यातले बरेचसे मुरते आणि पुढे हळूहळू झिरपत तलावाला मिळते. छपरे आणि डांबरी रस्ते झाल्यावर बहुतेक पाणी लगेच वाहून जाते. बांधकामासाठी उतार मोकळा केलेला असेल तर सोबत मातीही जाते. गाळ बसतो आणि साठवण घटते.

दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. माणसाच्या मलमूत्रातून रोज साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. तलावाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३० मायक्रोग्रॅम फॉस्फरस झाला, तरी शेवाळ माजण्याचा धोका सुरू होतो. म्हणजे एका माणसाचा एका दिवसाचा फॉस्फरस ५०,००० लिटर स्वच्छ पाण्याला त्या पातळीवर नेऊ शकतो! १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी एक तलाव पडद्याने दुभागला. दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन घातले, एकात फॉस्फरसही घातला. तोच भाग हिरवागार झाला. नेहमीच्या प्रक्रिया केंद्रात सगळा फॉस्फरस निघत नाही, त्यासाठी वेगळी योजना लागते. म्हणून ‘प्रक्रिया केंद्र आहे’ एवढ्या उत्तरावर थांबता येत नाही.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण लवासाचे. मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, १९९६ च्या राज्याच्या गिरिस्थान नियमावलीच्या आधारे ही वसाहत उभी राहू लागली. २००८ मध्ये राज्य शासनाने तिच्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. म्हणजे बांधणारा आणि आराखडा तपासणारा एकच! (हा दर्जा २०१७ मध्ये काढून घेण्यात आला.) नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला आणि वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी दिली. वादाचा एक मुद्दा उंचीचा होता. १९९४ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार १००० मीटरपेक्षा उंचावरील मोठ्या पर्यटन प्रकल्पांना केंद्राची परवानगी लागे. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण पाणी ९९० मीटरवरूनही तलावातच उतरते.

या पाण्याचा आपल्याशी काय संबंध? सोमेश्वरनगरची शेती नीरेच्या डाव्या कालव्यावर आहे हे खरे. पण वरसगावचे पाणी खडकवासल्यात येते. ते पुणे पिते आणि उरलेले उजव्या कालव्याने दौंड, इंदापूरच्या शेतांकडे जाते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीच्या जलाशयात उतरते. वरच्या काठावर दिलेल्या परवानगीची किंमत खालच्या तालुक्यात मोजली जाऊ शकते, आणि परवानगीच्या वेळी खालच्या माणसाला सहसा कोणी विचारत नाही.

शाळेत हे करून पाहता येईल. आपल्या गावच्या पाझर तलावाचा समोच्चरेषा असलेला नकाशा मिळवा. मुलांना माथ्यांची रेषा पेन्सिलीने जोडायला सांगा. मग त्या रेषेच्या आत फिरून घरे, गोठे, रस्ते, खाणी, शेते यांची नोंद करा. प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहा : इथले पाणी तलावाला काय घेऊन जाते? कोणत्याही तलावाकाठच्या वसाहतीची तपासणी याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.