कमी वीज विकण्याचा धंदा

वीज कंपनीने आपल्याच ग्राहकाला वीज कमी वापरण्यासाठी पैसे द्यावेत, हे आजही अनेकांना पटत नाही. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, हे चाळीसहून अधिक वर्षं चालू आहे. तिथल्या दुकानांना, कार्यालयांना, रुग्णालयांना आणि हॉटेलांना नवे दिवे किंवा चांगली एसी यंत्रणा बसवायची असेल, तर खर्चाचा काही भाग वीज कंपनी उचलते. या काळाकडे मागे वळून पाहताना माझं लक्ष ग्राहकाच्या हातात पडलेल्या रकमेपेक्षा कंपनीच्या हिशेबवहीकडे जास्त जातं. खरी गाठ तिथे होती आणि ती तिथेच सुटली.

1973 च्या तेलसंकटानंतर पहिली काही वर्षं उपदेशात गेली. कंपन्यांनी ऊर्जा तपासणी करून द्यावी, असे कायदे झाले. तपासनीस येई, इमारत पाही, शिफारशींचा कागद देऊन जाई. पैसे घालायचे इमारतीच्या मालकाने, आणि त्याला त्याहून निकडीचे शंभर खर्च असत. कंपनीचाही जीव या कामात नव्हता. जितके युनिट जास्त विकले जातील तितकी कमाई जास्त, असं गणित असताना विक्री कमी करण्याचं काम कोण मनापासून करील?

कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगाने 1982 मध्ये हे गणितच बदललं. कंपनीने वर्षाला किती महसूल मिळवायचा हे आयोग आधी ठरवणार. विक्री घटल्यामुळे तूट आली तर ती पुढच्या दरातून भरून मिळणार आणि जादा वसुली झाली तर ती ग्राहकांना परत जाणार. त्यामुळे युनिट जास्त विकून फायदा उरला नाही आणि कमी विकून तोटाही राहिला नाही. 1990 च्या सुमारास आयोग आणखी पुढे गेला: बचतीतून समाजाचा जो पैसा वाचेल, त्यातला थोडा वाटा भागधारकांना. एका कोरड्या हिशेबी नियमाने इतकं काम केल्याची उदाहरणं मला फार माहीत नाहीत.

दुसऱ्या बाजूने तंत्रज्ञान तयार होत होतं. आर्थर रोझेनफेल्ड हे एन्रिको फर्मींचे विद्यार्थी, मूलकणांचे भौतिकशास्त्रज्ञ. तेलसंकटानंतर ते ऊर्जाबचतीकडे वळले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी त्यालाच दिलं. त्यांच्या बर्कलीच्या प्रयोगशाळेने ट्यूबलाईटच्या इलेक्ट्रॉनिक चोकला पाठबळ दिलं आणि त्याची चाचणी सॅन फ्रान्सिस्कोत पीजी अँड ई या वीज कंपनीच्याच इमारतीत झाली.

त्या काळच्या अमेरिकी कार्यालयाचं छत डोळ्यांसमोर आणा. चौकटीत चार जाड ट्यूब, प्रत्येकी 40 वॅटची. वर दोन लोखंडी चोक, गुणगुणणारे, हात लावला तर चटका देणारे. अशी एक चौकट सगळं धरून 190 वॅटच्या आसपास वीज खाई. तिथे 32 वॅटच्या चार बारीक ट्यूब आणि एक इलेक्ट्रॉनिक चोक बसवला की वापर 110 वॅटच्या आसपास येई. उजेड जवळजवळ तेवढाच, गुणगुण बंद, लुकलुक बंद. शिवाय दिव्यांची उष्णता घटली की एसीवरचा भारही उतरे. वीस मजल्यांच्या इमारतीत अशा हजारो चौकटी असतात. कंत्राटदार कंपनीचा दरतक्ता घेऊन येई, चौकटी मोजी आणि सवलतीचा आकडा जागेवरच सांगे. मालकाला निर्णय घ्यायला तेवढं पुरे.

यशाचं कारण हे, आणि पुढच्या अडचणीचं मूळही हेच. सवलत नगावर बेतलेली असल्याने जे मोजता येतं तेच बदललं गेलं. गळके डक्ट, चुकीच्या जागी बसवलेला थर्मोस्टॅट, रात्रभर चालणारे पंखे यांना दरतक्त्यात जागा नव्हती. दिवे बदलून झाले की काम संपलं असं सगळ्यांनी मानलं आणि इमारतीतला वातानुकूलनाचा मोठा खर्च तसाच राहिला. भाड्याच्या जागेत तर आणखी गुंता: यंत्रणा मालकाची, बिल भाडेकरूचं. न्यू इंग्लंडमधल्या कंपन्यांनी 'डिझाइन 2000' सारख्या योजनांतून नव्या इमारतींचा नकाशा कागदावर असतानाच हात घालायला सुरुवात केली. माझ्या मते ते जास्त शहाणपणाचं होतं.

मग मुक्त बाजाराचं वारं आलं. वीज कुणाकडूनही घ्या म्हटल्यावर ग्राहकांच्या बचतीवर खर्च करायचा कुणी? अमेरिकी वीज कंपन्यांचा या योजनांवरचा खर्च 1993 मध्ये सुमारे 2.7 अब्ज डॉलरपर्यंत गेला होता. 1998 मध्ये तो 1.4 अब्जांच्या आसपास उतरला. कॅलिफोर्नियाने बिलावर छोटा अधिभार लावून योजना कशाबशा जिवंत ठेवल्या, आणि त्या जिवंत राहिल्या हे नशीबच. कारण 2001 च्या सुरुवातीला तिथे भारनियमन सुरू झालं आणि एप्रिलमध्ये पीजी अँड ईने दिवाळखोरी जाहीर केली. त्या उन्हाळ्यासाठी राज्याने साधी योजना काढली: गेल्या उन्हाळ्यापेक्षा वापर 20 टक्के कमी करा, बिलात 20 टक्के सूट घ्या. यंत्रणेची यादी नाही, अर्ज नाही. मीटर सांगेल ते खरं. दुकानांनी अर्धे दिवे बंद केले, कार्यालयांनी एसीचं तापमान चढवलं. मे महिन्यानंतर त्या उन्हाळ्यात तिथे भारनियमनाची वेळ आली नाही.

पुढच्या काळातला मला सर्वांत आवडणारा बदल गोदामात घडला. दुकानाचा एसी जातो तो ऐन उन्हाळ्यात. त्या दिवशी मालक कार्यक्षमतेचे तक्ते वाचत बसत नाही. वितरकाकडे जे यंत्र तयार आहे ते बसवून घेतो. पीजी अँड ईने 1998 पासून सवलत थेट वितरकाला द्यायला सुरुवात केली, म्हणजे गोदामात चांगलीच यंत्रं राहतील. 2011 पासून मॅसॅच्युसेट्सच्या कंपन्यांनी एलईडीसाठी हीच वाट धरली. दुकानदाराला अर्ज भरावा लागेना, सवलत किमतीतच मिळू लागली.

भांडणंही झाली. 2006 ते 2008 या टप्प्यात कॅलिफोर्नियात कंपन्यांनी सांगितलेली बचत आणि स्वतंत्र मूल्यमापकांनी मोजलेली बचत यांत मोठं अंतर निघालं. सवलत नसती तरी ज्यांनी नवं यंत्र घेतलंच असतं, त्यांची बचत कंपनीच्या खात्यावर का लिहायची, हा प्रश्न होता. आयोगाने शेवटी कंपन्यांना बक्षीस दिलं, आणि ते मला आजही चुकीचं वाटतं; ज्या पद्धतीचा पाया मोजमाप आहे, तिथे मोजमाप बाजूला ठेवणं परवडत नाही. 2015 च्या कायद्याने मात्र मीटरवरच्या प्रत्यक्ष बचतीला मान्यता दिली आणि जुनाट यंत्रणा चालवत राहिलेल्या इमारतीही योजनेच्या कक्षेत आल्या. आता तिथे नुसते युनिट मोजत नाहीत, ते दिवसाच्या कोणत्या तासाला वाचले हेही पाहतात.

महाराष्ट्राशी याचा धागा बर्कलीतूनच जुळतो. 2005 मध्ये, राज्य भारनियमनाने बेजार असताना, तिथल्या प्रयोगशाळेतल्या अमोल फडके आणि जयंत साठ्ये यांनी पद्मनाभन यांच्यासह महाराष्ट्राची टंचाई कार्यक्षमतेतून कमी केली तर काय आर्थिक लाभ होईल याचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2010 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने मागणी व्यवस्थापनाचे नियम केले. अशा योजनांचा खर्च दरातून वसूल करण्याची सोय त्यांत आहे. टाटा पॉवरने मुंबईतल्या मोठ्या ग्राहकांसाठी रात्री थंडावा साठवून दिवसा वापरण्याची योजना आणली. आणि ज्याला आपण अशा योजनांत धरत नाही, पण जे सर्वांत खोल रुजलं, ते पॉवर फॅक्टरचं, म्हणजे घेतलेली वीज किती कामी लागते त्या प्रमाणाचं, बक्षीस. 0.95 च्या वर गेलात की बिलात सूट, 0.90 च्या खाली घसरलात की दंड. तळघरातल्या कपॅसिटर पॅनेलकडे इलेक्ट्रिशियनचं लक्ष असे, कारण त्याचा परिणाम दर महिन्याला बिलावर छापून येई. एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर आतच धरणाऱ्या एककावर, आलं आणि ती वेगळी ओळ बिलातून गेली. हिशेब दरातच मुरला.

आपल्याकडे अडलं आहे ते कॅलिफोर्नियात 1982 मध्ये जिथे सुटलं तिथेच. व्यापारी ग्राहक चढा दर भरतो आणि त्यातून शेतीपंपांचा आणि छोट्या घरगुती ग्राहकांचा दर खाली राहतो; हीच क्रॉस सबसिडी. अंधेरीतल्या एखाद्या कार्यालयाने युनिट वाचवला की वितरण कंपनीचा सर्वांत किफायतशीर युनिट जातो. तूट पुढे दरनिश्चितीत भरून मिळते, पण उशिरा आणि वादावादीनंतर. मधल्या काळात रोख टंचाई सोसायची ती कंपनीने. अशा कंपनीकडून चांगल्या ग्राहकाची विक्री घटवणाऱ्या योजनेत उत्साहाची अपेक्षा करता येत नाही. व्यापारी इमारतींसाठी सवलत द्यायची असेल, तर बुडणारी क्रॉस सबसिडी त्याच वर्षी कुठून भरून द्यायची, हे आयोगाच्या आदेशात आधी लिहावं लागेल.