आतून रंगवलेली आग

रिमोटवर पळवायच्या छंदाच्या मोटारीची बॉडी सुटी विकत घेतली, तर बहुतेक वेळा तिला रंगच नसतो. जेमतेम मिलिमीटरभर जाडीची पॉलिकार्बोनेटची पारदर्शक टोपी हातात येते आणि तिला रंग द्यायचा तो आतल्या बाजूने. कारण साधं आहे. ही गाडी उलटते, गिट्टीवर घासते, भिंतीवर आदळते. बाहेरून दिलेला रंग चार दिवसही टिकायचा नाही. आतून दिला की झीज प्लॅस्टिक सोसतं आणि रंग शाबूत राहतो. पण या एका अटीमुळे रंगाऱ्याचं सगळं शास्त्र उलटं होतं. बोनेटवरून मागे झेपावणाऱ्या ज्वाळा काढायच्या तर हात सफाईदार हवाच, तरी खरी कसोटी लागते ती क्रमाची. आणि कसब जर क्रमात असेल, तर ते बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जमण्यासारखं आहे, असं माझं म्हणणं आहे.

ट्रकच्या दारावर पेंटर आधी पार्श्वभूमी रंगवतो, मग तिच्यावर चित्र काढतो आणि शेवटी बारीक रेघ मारतो. इथे जो थर पहिला बसतो तोच बाहेरून दिसतो, मागाहूनचे सगळे त्याच्या पाठीमागे जातात. म्हणून ज्वाळेभोवतीची बारीक रेघ हवी असेल तर ती सर्वांत आधी. मग ज्वाळांचे आकार चिकटपट्टीच्या कागदाने झाकून उरलेल्या भागावर काळा रंग. कागद सोलला की त्या मोकळ्या जागेत टोकांना लाल, मग नारिंगी, मुळाशी पिवळा आणि सगळ्याच्या मागे पांढऱ्याचा हात. गडद आधी, फिकट नंतर, हा नियम कुणाच्या लहरीतून आलेला नाही. पिवळा थर पातळ असतो. त्याच्या मागे काळा गेला की तो मळकट दिसतो, आणि मागे पांढरा असला की उजळतो. एअरब्रशचं काम या छटा एकमेकींत विरघळवण्याचं. खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. दोन्हींचा मेळ एकाच बोटावर. त्याआधी बॉडी भांड्याच्या साबणाने धुवावी लागते, नाहीतर साच्याचा तेलकटपणा रंग धरू देत नाही. रंगही पॉलिकार्बोनेटसाठी बनवलेलाच हवा. साधा ऑइलपेंट वाळून कडक होतो आणि बॉडी वाकली की त्याचे पोपडे सुटतात.

आता यातलं आपल्याकडे काय नाही? संगणकावर आकार काढून स्टिकर कापणारं यंत्र तर रेडियमच्या दुकानात असतंच. या यंत्राने आणि फ्लेक्सने पाट्या रंगवणाऱ्यांची रोजी हिरावली, ही तक्रार खरी आहे. पण ज्वाळांचे मुखवटे कापायला याच यंत्रासारखा मदतनीस नाही, तेव्हा इथे ते पेंटरचा वैरी राहत नाही. गणपतीच्या मूर्तीच्या गालावर, तळहातावर जी गुलाबी छटा उतरत जाते, ती आता अनेक कारखान्यांत एअरब्रशनेच देतात. आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव अशा महामार्गावरच्या गावांना ट्रकवरची वेलबुट्टी काही नवी नाही. ही तीन कसबं वेगवेगळ्या हातांत विखुरलेली आहेत, एवढीच अडचण.

ज्वाळा परक्या आहेत, असा आक्षेप येईल. मान्य. मोटारीच्या नाकावरून मागे पसरणारी ही आग लोकप्रिय केली ती १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जुन्या मोटारी सजवणाऱ्यांनी. केनेथ हॉवर्ड ऊर्फ वॉन डच हे त्यातलं मोठं नाव. पण आपलं वाहन चारचौघांत उठून दिसावं ही हौस तिकडून आलेली नाही. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणाऱ्या, त्यांना बेगड चिकटवणाऱ्या वऱ्हाडाला ती कुणी शिकवायची? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सोयाबीनच्या भावाची चिंता करणाऱ्या जिल्ह्यात हा महागडा खेळ घेणार कोण? इथे गिऱ्हाईक थोडंच मिळेल, यात वाद नाही. मात्र ही बॉडी वजनाला नगण्य असते, कुरिअरने पुण्या-मुंबईला सहज जाते. शिवाय सरावलेला हात हेल्मेटवरही चालतो. बुलढाण्याच्या एमएच-२८ पाटीच्या खऱ्या गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओकडे नोंद करावी लागते. या छोट्या गाडीला तो जाच नाही, म्हणून हात बसवायला ती उत्तम.

खरी अडचण हवेची आहे, आणि तिचा विचार फारसा होत नाही. जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा रंगाचा फवारा पृष्ठभागावर पोचायच्या आतच वाळतो आणि खरखरीत भुकटी होऊन बसतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे काही रंगांवर पांढुरकी झाक चढते. म्हणजे उन्हाळ्यात हे काम भल्या सकाळी, बेताच्या दाबावर आणि उशिरा सुकणारा थिनर वापरून करायचं. घाटावरच्या बुलढाणा शहरात त्या मानाने थोडी सवड मिळते. खोलीत वारा खेळता हवा आणि तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, वाफ अडवणारा मास्क लागतो. स्प्रे गन मारणारे आपल्याकडचे कितीतरी कारागीर याच बाबतीत हयगय करतात.