मुलांचा कौल

मुलांनी काय वाचावे हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. शिक्षक सांगतात, आईबाप सांगतात, ग्रंथालयाचे चिटणीस सांगतात, आणि व्यासपीठ मिळाले की माझ्यासारखा कामगार चळवळीतला माणूसही सांगतो. पण सोळा वर्षांच्या मुलीने वाचलेली कादंबरी तिनेच दुसऱ्या मुलांना सांगावी, आणि त्या सांगण्याला मोठ्यांनी मान द्यावा, अशी रीतसर व्यवस्था कुठे आहे काय? फ्रान्समध्ये आहे. पस्तीसांहून अधिक वर्षे ती चालू आहे. ती कशी चालते, ते आपल्यापुढे मांडतो.

गाँकूर हे त्या देशातले कादंबरीचे मानाचे पारितोषिक. एदमाँ द गाँकूर या लेखकाच्या मृत्युपत्रातून ते निघाले आणि १९०३ साली पहिल्यांदा दिले गेले. दहा सभासदांची अकादमी पॅरिसच्या द्रुआँ नावाच्या उपाहारगृहात जमते आणि वर्षाची कादंबरी ठरवते. लेखकाच्या हाती पडतात अवघे दहा युरो. पण पुस्तक लाखांनी खपते. १९८८ साली रेन शहरात एका पुस्तकविक्रेत्या कंपनीच्या आणि तिथल्या शिक्षणखात्याच्या पुढाकाराने याच यादीतल्या कादंबऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या गेल्या, आणि त्यांचे स्वतंत्र पारितोषिक सुरू झाले. कंपनीला त्यात धंदा दिसला असणार. धंदा दिसल्यावाचून कंपनी दमडी सोडत नाही, हे सांगायला माझी गरज नाही.

मुले साधारण पंधरा ते अठरा वर्षांची, दोन हजारांच्या आसपास; वर्ग पन्नासांवर. वाचनाचा नाद असलेली चार हुशार मुले वेचून काढायची नाहीत. सबंध वर्ग घ्यायचा, असा तिथला रिवाज. त्यात धंदेशिक्षणाच्या शाळांचे वर्गही असतात, हे मला फार मोलाचे वाटते. सुमारे पंधरा कादंबऱ्या, त्या वाचायला दोन महिने, आणि शाळेचा अभ्यास चालूच. मधल्या काळात लेखक मुलांच्या भेटीला येतात आणि मुले त्यांना प्रश्न विचारतात.

पुढची पद्धत पाहून मला आमच्या युनियनची आठवण होते. प्रत्येक वर्ग आपापसांत वाद घालून तीन कादंबऱ्या काढतो आणि एक प्रतिनिधी निवडतो. हे प्रतिनिधी विभागाच्या बैठकीत भांडतात. तिथून निवडलेले रेनला जातात आणि बंद दाराआड एक नाव ठरवतात. आता खात्याचा प्रतिनिधी म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्याला यातली मेख कळेल. वर्गात "मला आवडली" एवढ्यावर भागते. विभागाच्या बैठकीत भागत नाही. तिथे समोरचा विचारतो, "का आवडली?" मग मागे सोडून आलेल्या तीस जणांना ती का आवडली, ते शब्दांत सापडावे लागते. कधी आपल्याला न आवडलेल्या पुस्तकाचीही बाजू घ्यावी लागते, कारण वर्गाचा कौल तसा असतो. पानन् पान पुन्हा उलटावे लागते. परीक्षेसाठी वाचणाऱ्या मुलावर ही वेळ कधी येत नाही.

आणि निवडतात काय? हलकेफुलके, थोड्या पानांचे, असा आपला अंदाज. २०२० साली त्यांनी कामेरूनच्या जाइली अमादू अमाल या लेखिकेची कादंबरी निवडली. मनाविरुद्ध लग्न लावून दिलेल्या आणि "सहन कर" हेच ऐकत आलेल्या तीन बायकांची ती कथा आहे. लेखिकेचे स्वतःचे लग्नही सतराव्या वर्षी लावून दिलेले.

त्याहून बोलका निकाल २०१८ चा. त्या वर्षी अकादमीच्या दहा जणांनी निकोला मात्यू यांच्या कादंबरीला कौल दिला. पोलादाच्या भट्ट्या बंद पडलेल्या खोऱ्यात १९९२ ते १९९८ या चार उन्हाळ्यांत वाढणारी पोरे हा तिचा विषय. बाप बेकार, दारू, उकाडा, आणि इथून कधी सुटू ही तळमळ. फ्रेंच मला येत नाही, ती मी इंग्रजीतून वाचली. १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव ज्याने पाहिले त्याला ती परकी वाटत नाही. म्हणजे कुमारवयाची कादंबरी निवडली ती मोठ्यांनी! मुलांनी त्याच यादीतून निवडली दाविद द्योप यांची, पहिल्या महायुद्धाच्या खंदकातल्या सेनेगाली शिपायाची गोष्ट. जिवलग मित्र पोटात जखम घेऊन तडफडतो आहे, मला मारून टाक म्हणतो आहे, आणि याच्याने ते होत नाही. पुढे २०२१ साली तिच्या इंग्रजी भाषांतराला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले.

माझे मन अजून मात्यूंच्या बाजूला आहे. पण मुलांना आपलेच वय आरशात पाहायचे असते हा जो आपला समज, त्याला त्या वर्षी चांगलाच धक्का बसला.

आपल्याकडे १९६७ च्या कायद्याने मान्य झालेली ग्रंथालये गावोगाव आहेत. पुस्तके निवडायची ती मोठ्यांनी, आणि कादंबरीची बहुधा एकच प्रत. इथे घोडे अडते. पुस्तकावर वाद व्हायचा तर ते पाच-सहा जणांनी एकाच महिन्यात वाचलेले हवे. एकच प्रत सहा घरे फिरून येईतो पहिला वाचणारा सारे विसरून जातो. आठ कादंबऱ्या, प्रत्येकीच्या सहा प्रती, म्हणजे अठ्ठेचाळीस पुस्तके. एवढ्यांत तीन वर्गांचे काम दिवाळीपासून वसंतापर्यंत भागेल. त्यांतला एक वर्ग आयटीआयचा असावा, आणि निकाल याच व्यासपीठावरून मुलांनीच सांगावा, अशी माझी व्याख्यानमालेच्या चालकांना विनंती आहे.