पगाराचा दिवस

पहाटे ५.३०. गुजरातेतलं नवागाम, डिंडोलीच्या अंगाची एक खोली. अण्णा अंघोळ करून येतात. वहिनी पाणी आणि डायसल्फिरामची गोळी पुढे करतात. त्यांच्यासमोरच घ्यायची, असं अण्णांनीच ठरवलंय. या गोळीवर दारू प्यायली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, जिवावरही बेततं. म्हणून ती कुणाला चोरून भाजीत कालवून देऊ नये. बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. अण्णा खोकल्याचं औषधही, त्यात दारूचा अंश नाही ना, असं दुकानदाराला विचारून घेतात.

६.३०. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा. सायकलला हवा कमी आहे.

७.००. यंत्रमागावर पाळी सुरू. आठ लूम एका माणसाकडे. कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. तार तुटली की लूम थांबतो. अण्णा वाकतात, दोन टोकं चिमटीत धरतात, गाठ मारतात. पुन्हा खडखडाट. पगार मीटरवर, थांबलेला लूम म्हणजे गेलेले मीटर. दोन वर्षांपूर्वी हात असे थरथरायचे की गाठ बसायची नाही. मग सकाळीच दारूची एक पोटली. पोटात गेली की हात स्थिर, मीटर चालू. ते हात आता मी बराच वेळ बघत राहतो.

दुपारी १.००. भाकरी मोडत सांगतात. आधी घरीच सोडून बघितली होती. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मग झटका आला. रोजची दारू एकदम तोडली की असं होऊ शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच करायचं असतं. झटका टाळायला गोळ्या, बी-वनची इंजेक्शनं. नंतर पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली उभं केलेलं. ३५ दिवस एक मीटर नाही. वहिनींनी साड्यांना लेस लावून खोलीचं भाडं भरलं.

४.००. चहा, दहा रुपये. बिडी सुटलेली नाही.

७.१०. पगार. वहिनी फाटकाशी उभ्या आहेत. पाकीट त्यांच्या पिशवीत जातं; अण्णा मीटिंगच्या डब्यासाठी वीस रुपये ठेवतात. गुजरातेत दारूबंदी राज्य झालं तेव्हापासूनची, १९६० ची. पण पोटलीची गल्ली जवळच आहे. अण्णा सायकल लांबच्या रस्त्याने घेतात.

८.३०. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग. फी नाही. डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने टाकावं. एकाची स्लिप झालीय, म्हणजे पुन्हा प्यायला; तीन महिन्यांनी आलाय. त्याला आधी खुर्ची देतात. कारण कुणी विचारत नाही.

१०.१५. शेजारचा पोरगा जिन्यात थांबलेला. बॉबिन भरतो. रात्रपाळीत जागं राहायला एमडी (मेफेड्रोन) घ्यायला लागला.

"अण्णा, तुमची ती गोळी मला मिळंल का?"

"ती दारूची रे भो. तुला नाही चालायची."

अफू-गर्दवाल्यांना जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन असते. एमडीला अशी बदली गोळी नाही. डॉक्टरकडे जायचं, झोप आणि मन सावरायचं, समुपदेशकाकडे पुन्हा पुन्हा बसायचं. अण्णा त्याला १४४४६ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून देतात.

"सोमवारी सिव्हिलला जाऊ. मी येतो."

"तुमची पाळी?"

अण्णा वहिनींकडे बघतात. त्या पिशवीतून पाकीट काढून नोटा पुन्हा मोजायला बसल्यात.

"जा," त्या म्हणतात. "अर्ध्या पाळीला कुणाला उभं करायचं, ते उद्याच मास्टरला विचारा."