पंपाच्या टोकावरचे नोझल

रोवणी आटोपली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात बांध्याबांध्यांतून पाठीवरचे पंप दिसू लागतात. औषध कोणते आणले, कितीचे आणले, हे घरातल्या बाईला माहीत असते. पण पंपाला नोझल कोणते लावले आहे, असे आम्ही गटाच्या बैठकीत विचारले की उत्तर येते, "पंपासोबत आले तेच." आज त्या छोट्याशा तुकड्याबद्दल बोलू. औषध पिकावर बसते की वाऱ्यावर जाते, हे बरेचसे तिथेच ठरते.

नोझल तीन कामे करते. पाण्याचे थेंब करते, ते पसरवते आणि मिनिटाला किती पाणी बाहेर पडेल ते ठरवते. भोक बारीक आणि दाब जास्त, तर थेंब बारीक. एका मोठ्या थेंबाचे निम्म्या जाडीचे थेंब केले तर आठ होतात. म्हणजे तेवढ्याच औषधात जास्त जागा ओली होते. पण बारीक थेंब हलका असतो, वाऱ्याने उडतो, नाकातोंडात जातो. मोठा थेंब नेमका खाली पडतो, पण धानाच्या पानावर टिकत नाही, घरंगळून जातो. म्हणून ज्या कामाला जसा थेंब हवा, तसे नोझल.

कीटकनाशक आणि बुरशीनाशकाला पोकळ शंकूचे नोझल, म्हणजे हॉलो कोन लावतात. त्याचा फवारा कड्यासारखा गोल पडतो, थेंब बारीक असतात आणि पिकाच्या आत शिरतात. तुडतुडे धानाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जवळ बसतात. तेव्हा नोझल खाली बुंध्याकडे वळवायचे. वरून शेंडे ओले करून तुडतुडे मरत नाहीत.

तणनाशकाला पट्ट्यासारखा फवारा देणारे फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लावतात, आणि दाब कमी ठेवतात. थेंब जरा मोठे पडतात, उडत नाहीत. हेच काम हॉलो कोनने केले तर काय होते? टू-फोर-डी हे औषध रुंद पानांचे तण मारते. त्याचे बारीक थेंब उडून धुऱ्यावरच्या तुरीवर गेले, तर तूरही आखडते. तूर रुंद पानाचीच ना! तणनाशकाचा पंपही वेगळाच ठेवावा.

नोझल झिजते, पण झीज डोळ्यांना दिसत नाही. पितळेचे लवकर झिजते, स्टीलचे आणि सिरॅमिकचे जास्त टिकते. भोक मोठे झाले की थेंब ओबडधोबड होतात, कुठे औषध जास्त, कुठे कोरडेच. ही गोष्ट शेतापुरती नाही. आपल्या राईस मिलमध्ये धानाच्या तुसातल्या सिलिकेने यंत्रांचे भाग घासले जातात. यंत्रांचे झिजलेले दांडे भरून काढायला कारखान्यांत वितळलेल्या धातूचा फवारा मारून लेप चढवतात. तिथेही नोझल झिजले की लेप एकसारखा बसत नाही.

तपासणी सोपी आहे. धुतलेल्या पंपात साधे पाणी भरा आणि कोरड्या अंगणात फवारा. फ्लॅट फॅनचा ओला पट्टा एकसारखा दिसावा, हॉलो कोनचे कडे कुठे तुटलेले नसावे. मग एक मिनिट पाणी मापाच्या भांड्यात धरा. समजा तशाच नव्या नोझलमधून ६०० मिली येते आणि तुमच्यातून ६६० मिलीच्या वर, तर नोझल बदला. नाहीतर दहा पंपांमागे एक पंपभर औषध जादा जाते. ते पैसे आपल्याच घरचे.

नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका, फुंकू देऊ नका. तोंडात विष जाते. तार, टाचणी घालू नका, भोक बिघडते. दाताचा जुना ब्रश आणि पाणी पुरे. ब्रश वेगळा ठेवा, हातमोजे घाला.

२०१७ च्या खरिपात आपल्या विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तेव्हा वारा असताना फवारणी नको. तोंडाला मास्क, अंगभर कपडे हवेत. ते कपडे वेगळे धुवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, मुलांनी त्या बांधीपासून दूर राहावे. मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबा आणि औषधाचे लेबल घेऊन तडक दवाखान्यात जा.

गटाच्या पुढच्या बैठकीला घरोघरचे पंप घेऊन या. एक नवे नोझल, एक मापाचे भांडे आणि एक घड्याळ, एवढ्यावर सगळ्यांची तपासणी होते. काही अडले तर हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. औषधाचा खर्च लिहिता, त्या वहीत नोझल कधी बदलले तेही लिहा.