फियाटचा पत्रा आणि सोलापूरचं ऊन

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर वळसंगपाशी थोडा वेळ उभं राहिलं तर आज सगळ्या तऱ्हेच्या गाड्या दिसतात. स्वामींच्या दर्शनाला निघालेली पद्मिनी मात्र क्वचितच. नावाने ती प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या भागात शेवटपर्यंत ‘फियाट’च. तिच्यावर सोलापूरचा थोडा हक्कही आहे. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद 1882 मध्ये सोलापुरातच जन्मले. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट निघू लागली, 1974 मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि 2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं. या सगळ्या काळात गाडीचा मूळ सांगाडा फारसा बदलला नाही. त्यामुळे तिचा पत्रा कुठे सडतो हे डेंटरला गाडी न पाहताही सांगता येई.

मुंबईच्या गाड्या खाऱ्या हवेने खाल्ल्या, हे कुणालाही पटतं. पण वळसंगसारख्या कोरड्या, पर्जन्यछायेतल्या गावात गंज यावा कशाला? सुरुवात उन्हापासून होते, असं माझं मत आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीची काचेभोवतीची रबरं त्यात कडक होतात, आकसतात, कोपऱ्यात चिरतात. दारावरची, काचेच्या बाहेरच्या अंगाची पट्टी काचेपासून सुटते. मग जूनचा पहिला पाऊस काचेवरून ओघळतो तो थेट दाराच्या पोटात. तिथून पाणी निघून जावं म्हणून दाराच्या तळाला भोकं असतात, पण उन्हाळाभरच्या धुळीने ती बुजलेली असतात. पाणी साचतं आणि दार आतून सडत जातं. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो.

मडगार्डची कथा वेगळी. आपली काळी माती एकदा आतल्या कोपऱ्यात चिकटली की पाऊस थांबला तरी ओल धरून बसते. हेडलाइटच्या मागचा कोपरा आणि पुढच्या दाराआधीचा भाग, गंजायला या दोन जागा ठरलेल्या.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत या सगळ्यावर उपाय ठरलेला असे: ठोकपीट, गॅस वेल्डिंगने एक ठिगळ, वर लांबी, वॉटर पेपर आणि रंग. गॅसच्या आचेने पातळ पत्रा वाकडा होई आणि तो वाकडेपणा झाकायला लांबीचा थर वाढे. गंज खरवडून न काढता त्यावर लांबी भरली की ती ओल शोषून घेते आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच जागी पुन्हा फुगवटा येतो. तरी लोक तेच करत. नवी गाडी मिळवायला नंबर लावून वर्षं काढावी लागत, त्यामुळे हातातली गाडी कशीबशी चालती ठेवणं हाच हिशेब होता. 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली आणि तो हिशेब बदलला. त्यानंतर फियाटवर खर्च करणारा माणूस हौशी तरी असे, नाहीतर अडलेला.

गंज रोखायचे घरगुती उपायही होते. गाडीखाली जळकं ऑइल फवारायचं, रबरं रॉकेलच्या फडक्याने पुसून चकचकीत करायची. पहिल्याने पत्र्याचं थोडंफार भलं झालं असेल, रबराचं मात्र दोन्हींनी वाटोळं केलं. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि आपला आकार सोडतं.

फियाटला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून दाराखालची लांब पेटी सडली की मामला केवळ दिसण्याचा राहत नाही. जॅक लावला की गाडी उचलली जाण्याऐवजी पत्राच आत दुमडतो. तिथे लांबी भरणारा कारागीर मला तरी दारात नको. हल्ली सीओटू वेल्डिंग आलं आहे. त्यात उष्णता आटोपशीर राहते. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, त्याच जाडीचा नवा तुकडा टाके-टाके देत जोडता येतो. मग प्राइमर आणि पेटीच्या आतून मेण किंवा अंडरकोटिंग.

काचेचं काम यापेक्षा नाजूक, आणि पाहायला फार सुंदर. पुढची मोठी काच बसवताना रबर आधी काचेभोवती चढवतात. रबराच्या दुसऱ्या खाचेत सगळीकडून एक दोरी घालतात आणि तिची दोन्ही टोकं आत सोडतात. साबणाचं पाणी लावून काच चौकटीवर टेकवली की एकजण बाहेरून तळव्याने दाबतो आणि दुसरा आतून दोरी हळूहळू ओढतो. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. चमकती पट्टी सगळ्यात शेवटी. घाई केली तर ती वाकते, आणि वाकलेली पट्टी पुन्हा सरळ झालेली मी पाहिलेली नाही. पुढच्या दारांतल्या त्रिकोणी काचेचं रबर तर याहून चिवट. मीटरने मिळणारं सरळ रबर तिथे कोपऱ्यात कधीच नीट बसत नाही.

रंग चढण्याआधी नवी रबरं एकदा बसवून वरून तांब्याने पाणी ओतून बघावं. गळती कळते, आणि ताज्या रंगावर ओरखडे येत नाहीत. बहुतेक गॅरेजं हे टाळतात, कारण त्यात काच दोनदा चढवावी लागते.

1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुढे चालवायचं शुल्क 600 वरून 5,000 रुपयांवर गेलं. अडलेल्यांनी गाड्या भंगारात दिल्या, हौशी तेवढे उरले. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आता एखाद्याला दार हवं असेल तर मुंबईकडचं भंगार आठवतं, पण मी तरी ते आधी सोलापूर, अक्कलकोट, विजापूर या पट्ट्यात शोधेन. इथल्या दाराचं रबर गेलेलं असेल, ते नवं घालता येतं. मुंबईचं दार घ्यायचंच झालं तर रंगाकडे बघू नये. आतलं पॅड उघडून खालची कड स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघावी, आणि टोक आत गेलं तर दार तिथेच ठेवून यावं.